तिरंदाज, एक

जळगाव, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय जरीना,

तुझा पत्ता रेहानच्या लग्नपत्रिकेवरून मिळाला. ती पत्रिका मला आलेली नव्हती. तुझ्या शिलाईच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो, त्याच्या काउंटरवर पडली होती. मुलाचं लग्न केलंस आणि मला बोलावलं नाहीस, म्हणून दोन दिवस मी फार चिडले होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आपल्या दोघींत चिडायचा हक्क तुझाच आहे. मग मुकाट्याने कागद घेऊन बसले. फोन लावून पाहिला नाही असं नाही, पण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस.

चिंचतळं बरं आहे. जानेवारीची पाखरांची मोजणी झाली. वारकरी तीनशे दहा, थापट्या चौतीस, तलवार बदकं फक्त सहा. हळदीकुंकू बदकांची जोडी अजून तुझ्या बाभळीखालीच बसते. काठावर फोटो काढायला कुणीतरी लाल रंगाचं भलंमोठं हृदय उभारलं आहे. बगळ्यांनी ते महिनाभरात पांढरं केलं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

मोजणीचं सगळं बघणाऱ्या प्रेमराजभाऊंनी माझ्याबरोबर लिहायला नूतन नावाची कॉलेजातली मुलगी दिली होती. पोरगी हुशार आहे, बदकांच्या माद्याही ओळखते. पण आकडा परत म्हणत नाही. मी दुर्बिणीला डोळे लावून 'थापट्या, चौतीस' म्हणते आणि ती मोबाइलमध्ये टाकते, की संपलं. सतरा वर्षं तू माझ्या डाव्या बाजूला उभी राहून प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणालीस आणि मगच वहीत लिहिलास. त्या दिवशी मी 'चौतीस' म्हटलं आणि डाव्या बाजूने तुझ्या आवाजात 'चौतीस' ऐकू आलं. मी वळून पाहिलं. नूतनने विचारलं, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही, मुंगी चावली."

एक काम होतं. कच्ची वही माझ्याकडे असते, पण पक्की वही तुझ्याकडेच राहिली. मोजणीच्या रात्री घरी जाऊन तू सुवाच्य अक्षरात उतरवायचीस ती. जुन्या नोंदी जुळवायला ती मला हवी आहे. टपालाने पाठवशील का? दुसरं काही नाही.

रेहानच्या बायकोला माझा आशीर्वाद सांग. तिचं नाव पत्रिकेत वाचलं, नाजमीन. गोड आहे.

तुझी,
मोहिनी


जळगाव, २७ एप्रिल २०२५

प्रिय जरीना,

उत्तर नाही, वहीही नाही. ठीक आहे. ग्रंथालयात तीस वर्षं काढली आहेत मी, लोक पुस्तकं परत करीत नाहीत याची मला सवय आहे.

तळं निम्म्यावर आलं. पारा बेचाळीसवर आहे, आणि सकाळी नऊनंतर काठावर कुत्रंसुद्धा थांबत नाही. शेकाटे मात्र मजेत आहेत, लाल काठ्यांवर चालल्यासारखे चिखलात हिंडतात. टिबुकल्या राहिल्यात सात. त्यांच्या बुड्या मी मोजते. हसू नकोस. मनगटावरच्या घड्याळात बघून मोजते. टिबुकली साधारण पंधरा ते वीस सेकंद पाण्याखाली राहते, पाणकावळा तीसच्या आसपास. वहीत तारीखवार लिहून ठेवलं आहे. नऊ मिनिटं कुणीच राहत नाही, जरीना. हे मला आधीही माहीत होतं.

फाटकाशी दिपमाला गाडी लावते. शिंगाडेवाल्या निंबाची बायको. सध्या शेंगदाणे आणि फुटाणे विकते, शिंगाड्याच्या दिवसांत शिंगाडे. मी पलीकडच्या रस्त्याने वळसा घालून येते, पाऊण किलोमीटर लांब पडतं. गुडघे दुखतात, पण तेवढं चालणं बरं असतं. तुला साखरेसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणूनच तर तू पहिल्यांदा तळ्यावर आलीस आणि माझ्या तावडीत सापडलीस.

निंबाची आई सुंदरबाई आणि दिपमाला एकाच घरात राहतात, पण चुली दोन आहेत. तीन वर्षं होतील जानेवारीत. सुंदरबाई सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि दिपमाला दारात उभी राहून ओरडली होती, "जा, तळामा जीव दे!" दुसऱ्या दिवशी तो तळ्यात सापडला. काठावर कपडे घडी करून ठेवलेले, चपला शेजारी. लोकांना आणखी काय हवं होतं?

मला आज सकाळी त्याचा आवाज आठवला. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर पोट टेकून, शिंगाड्याच्या वेलांतून हातांनी वल्हवत जायचा आणि आपल्याला बघितलं की ओरडायचा, "ताई, आज कितला पाखरं?" मी आकडा सांगायचे आणि तो म्हणायचा, "मन्हा शिंगाडास्ले नजर लागू देऊ नका."

वही पाठव.

मोहिनी


जळगाव, १ जून २०२५

जरीना,

मला दोर सापडला.

तळ्याचं पाणी आता मधोमध उरलं आहे, बाकी सगळा भेगाळलेला चिखल. परवा टिटवीची अंडी शोधत होते. जुन्या वेलांच्या गुंत्यात निळं काहीतरी दिसलं. दुर्बिणीतून पाहिलं तर नायलॉनचा दोर. चपला काठावर काढल्या आणि साडी खोचून चिखलात शिरले, साठीच्या बाईने करू नये असं सगळं केलं. दोर चारपाच हात लांब आहे. एका टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून पक्कं बांधलेलं आहे, आणि त्या रबरावर दातांचे वण आहेत.

म्हणजे ती वाम नव्हती.

तू तर तेव्हाच म्हणालीस. २२ जानेवारी २०२३, रविवार, सकाळी सात वाजून चौदा मिनिटं. पाण्यावर धुकं होतं. मला मधल्या पट्ट्यात एक काळं डोकं आणि मानेचा थोडा भाग दिसला, बाकी अंग पाण्याखाली. तिरंदाज पक्षी असाच पोहतो, नुसती मान वर. तोंडातून काहीतरी लांब लोंबत होतं, वाम माशासारखं. मी म्हणाले, "तिरंदाज, एक! चोचीत वाम धरलीय!" तू लगेच आकडा परत म्हणाली नाहीस. सतरा वर्षांत पहिल्यांदा थांबलीस. म्हणालीस, "मोहिनी, इतनी लंबी वाम? फिर से देख."

आणि मी पाहिलं नाही. दुर्बीण होती तिथेच धरली, डोळा काढला नाही, पण मी तुझ्यावर चिडले होते, पाण्याकडे पाहत नव्हते. मी म्हणाले, "लिही. एकदा सांगितलेला आकडा मी मागे घेत नाही." तू म्हणालीस, "एक." तेवढ्यात ते डोकं खाली गेलं. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, "बघ, बुडी मारली. म्हणजे तिरंदाजच."

मग आपण वाट पाहिली. सात चोवीसपर्यंत. दुसरीकडे वर आला असेल, तिरंदाज लांब जाऊन वर येतो, असं मी तुला समजावत होते. आपल्यापासून शंभर पावलांवर तो वेलांत अडकला होता आणि मी तुला तिरंदाजाची शिकवणी देत होते.

त्याची ट्यूब रात्रीच्या वाऱ्याने पलीकडच्या काठाला गेली असणार. तो दोराचं टोक दातांत धरून ती बांधून आणायला पोहत निघाला. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. कपडे भिजू नयेत म्हणून काठावर ठेवले. जीव द्यायला जाणारा माणूस तोंडात दोर धरून जात नाही, जरीना.

दोर मी पलंगाखाली ठेवला आहे. झोप लागत नाही हे सांगायला नको.

मोहिनी


जळगाव, २४ ऑगस्ट २०२५

जरीना,

मागच्या पत्रानंतर तू लिहिशील असं वाटलं होतं. मग वाटलं, तू अजून उरलेल्याची वाट पाहत असशील. तुझं बरोबर आहे, मी अर्धंच लिहिलं होतं.

तळं भरलं आहे. शिंगाड्याचे वेल पुन्हा लावलेत, आता दुसरे लोक करतात. कमळपक्ष्याचा नर चार पिल्लं घेऊन पानांवरून हिंडतो. बाई अंडी घालून दुसरीकडे गेली, पोरं बापाच्या गळ्यात. तू नेहमी म्हणायचीस की या पाखराचं लग्न रेहानच्या आत्याशी लावून द्यायला हवं होतं.

आता ऐक. त्या दुपारी काठावर गर्दी जमली, निंबाला बाहेर काढलं, तेव्हा तू माझा हात दाबून म्हणालीस, "मोहिनी, आपली वाम." मी कच्ची वही काढली, ते पान फाडलं आणि चुरगळून गटारात टाकलं. तुला न विचारता. अक्षर तुझं होतं. मग तुला बाजूला घेऊन सांगितलं, की पोलीस विचारतील, तू इतका वेळ बघत उभी राहिलीस आणि ओरडली का नाहीस म्हणतील, आणि तू मुसलमान बाई, रेहान नोकरीच्या मुलाखती देतोय, उगीच नाव नको यायला. मी तुझ्यासाठी गप्प बसतेय असं सांगितलं.

खोटं होतं ते. मी माझ्यासाठी गप्प बसले.

आणि त्याच रात्री मी मोजणीचा तक्ता प्रेमराजभाऊंना पाठवला. त्यात तिरंदाज एक, असं लिहून पाठवलं. तुला माहीत आहे का, २०१४ साली मी त्यांना याच तळ्यावर तिरंदाज सांगितला होता आणि सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "ताई, पाणकावळा असेल, बायकांना मान लांबच दिसते." सगळे हसले. तो खरा तिरंदाज होता, जरीना, अल्लाची शपथ म्हण की गणपतीची. नऊ वर्षं तो माझ्या घशात अडकून होता. सकाळीच मी त्यांना फोनवर सांगून बसले होते; तक्त्यातून हा काढला असता तर 'का काढला' सांगावं लागलं असतं, आणि ठेवला तर कुणी काही विचारणार नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, की कदाचित दोन्ही असतील. तिरंदाजही आणि निंबाही. धुक्यात दोन्ही.

त्याच वर्षी जूनमध्ये मोजणीची पुस्तिका आली. 'चिंचतळे येथे तिरंदाजाची पहिली नोंद, निरीक्षक: मोहिनी पाटील, जरीना शेख.' मी ती तुझ्या दुकानात नेऊन काउंटरवर ठेवली. पेढे घेऊन आले होते! आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. तू कैची खाली ठेवलीस आणि माझं नाही, तुझं नाव बोटाने झाकलंस. पुढच्या महिन्यात तू धुळ्याला गेलीस. रेहानला तिथे नोकरी लागली म्हणून गेली, असं मी सगळ्यांना सांगते. तुलाही तसंच पत्रात लिहिणार होते.

पक्की वही मी फेब्रुवारीत मागितली ती कशाला, हेही सांगून टाकते. ती नोंद तिथेही आहे याची मला भीती वाटत होती. मला तेही पान फाडायचं होतं.

मोहिनी


जळगाव, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय जरीना,

आज तिरंदाज आला.

खरा. सकाळी सहा पन्नास, धुकं नाही, ऊन कोवळं. तो बुडालेल्या बाभळीच्या फांदीवर पंख पसरून वाळवत बसला होता. मी अर्धा तास पाहिला. मग तो पाण्यात उतरला, अंग बुडालं, नुसती मान वर. आणि मला कळलं की दोन्हींत काहीही साम्य नाही. मान अंगठ्याएवढी बारीक, डोकं जवळजवळ नाहीच, सुईसारखी चोच. माणसाचं डोकं माणसाच्या डोक्यासारखंच दिसतं. ज्याला तिरंदाज हवा होता त्यालाच तो तिरंदाज दिसला.

बुडी चाळीस सेकंदांची होती. त्यानंतर तो वर आला. चाळिसाव्या सेकंदाला मी खाली दगडावर बसले आणि रडले. चालायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, साखर कमी झाली का?" त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली. मी ती खाल्ली.

नोंद केली नाही. करणारही नाही. नूतनला फोन करावा वाटलं, ती फोटो काढेल, सगळे विश्वास ठेवतील. पण केला नाही. मला पाहिजे होतं ते सगळं समोर होतं आणि तोंडातून 'एक' निघेना. निघाला असता तर डाव्या बाजूने कुणी काय म्हटलं असतं, याची भीती वाटली.

येताना मी वळसा घातला नाही. फाटकातून बाहेर पडले. दिपमालाने शिंगाडे उकडले होते. मी अर्धा किलो घेतले. तिने विचारलं, "ताई, लई दिवसथून दिसल्या नहीत?" मी म्हणाले, "गुडघे." शिंगाडे घरी आणले, पण खाल्ले नाहीत. शेजारणीला देऊन टाकले.

तिला अजून वाटतं की तिच्या बोलण्याने तो गेला. ती बोलत नाही, पण शिंगाडा सोलताना तिचे ओठ हलत असतात, आणि काय म्हणत असते ते मला समजतं. मला पक्क्या वहीतलं ते पान हवं आहे, जरीना. फाडायला नको आहे. तिला वाचून दाखवायला हवं आहे. दोर एकट्याने काही सिद्ध करत नाही, तळ्यात दोर पडतातच. पण तो दोर तोंडात होता हे त्याच दिवशी कुणीतरी लिहून ठेवलेलं आहे. तू लिहिलं आहेस.

उत्तर लिहू नकोस. फक्त वही पाठव.

तुझी,
मोहिनी


जळगाव, २८ डिसेंबर २०२५

प्रिय जरीना,

वही मिळाली. शिलाईच्या कापडात शिवून पाठवलीस, चारही बाजूंनी बारीक टाके. उसवायला मला तासभर लागला. आत चिठ्ठी असेल म्हणून सगळी पानं झटकली, पण नव्हती.

मी ते पान उघडलं. वाटलं होतं तिथे लिहिलेलं असेल, 'तिरंदाज, १, चोचीत वाम.' मी सांगितलं होतं तेच. मी सांगायचं आणि तू लिहायचं, सतरा वर्षं असंच चाललं. पण तिथे लिहिलं आहे:

'ओळख पटली नाही, १. तोंडात लांब काहीतरी. वेळ ७.१४, उत्तरेकडे पोहत. ७.१५ ला दिसेनासा. ७.२४ पर्यंत वाट पाहिली.'

चोचीत नाही, तोंडात. मी ती ओळ किती वेळा वाचली असेल! त्या रात्री मी तक्त्यात तिरंदाज लिहीत होते तेव्हा तू तिकडे मशीनच्या टेबलावर बसून आठवणीतून हे लिहीत होतीस. सतरा वर्षांत फक्त एकदा तू माझा आकडा घेतलास आणि नाव घेतलं नाहीस. मला नेहमी वाटायचं की नजर माझी आणि हात तुझा. उलटंच होतं ते.

काल मी प्रेमराजभाऊंना सगळं सांगितलं. तुझं नाव कुठेही चुकीचं येऊ दिलं नाही. ते म्हणाले, २०२३ ची नोंद रद्द म्हणून छापावं लागेल, आणि मग तुमच्या बाकीच्या नोंदींवरही लोक शंका घेतील, ताई. मी म्हटलं, घेऊ द्या. इतक्या वर्षांची चिंचतळ्याची यादी म्हणजे माझं जे काही आहे ते सगळं आहे, हे त्यांना माहीत आहे. म्हणाले, "मग यंदा असं करू, नूतन मोजेल. तुम्ही लिहा." चांगला माणूस आहे. मला वाटलं होतं तेवढा वाईट नाही. मी हो म्हणाले.

मोहिनी


जळगाव, १७ जानेवारी २०२६

प्रिय जरीना,

आज दुपारी मी गेले.

पिशवीत वही आणि दोर. दार सुंदरबाईने उघडलं. अंगणात दोन चुली आहेत, एक तुळशीच्या या बाजूला, एक त्या बाजूला. दिपमाला भांडी घासत होती. मी दोघींनाही बसायला सांगितलं. सुंदरबाई म्हणाली, "हाई बसनार नही मन्हा जोडे." दिपमाला उभीच राहिली. मग मीही उभी राहून बोलले.

आधी दोर काढला. दिपमालाने हात राखेने भरले होते तसेच पुढे केले. रबर अंगठ्याने चाचपलं. म्हणाली, "हाई तेनंच शे. दातले लागे म्हनीसन त्यानीच गुंडायेल शे." मग मी वही उघडली आणि तुझी ओळ वाचली. एकदा वाचली, तिला कळली नाही, पुन्हा वाचली. तोंडात लांब काहीतरी. उत्तरेकडे पोहत. ट्यूब उत्तरेलाच सापडली होती, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

ती खाली बसली. म्हणाली, "म्हंजे मन्हा बोलथून नही गया तो." मला विचारलं नव्हतं. सासूलाही म्हणत नव्हती. तीच स्वतःला सांगत होती, दोनदा, तीनदा.

मग मी उरलेलं सांगितलं. आम्हाला तो पक्षी वाटला, हे सांगितलं. मैत्रीण म्हणाली होती पुन्हा बघ आणि मी बघितलं नाही, हे सांगितलं. पान फाडलं, पुस्तिकेत नाव छापून आणलं, पेढे वाटले. एकही गोष्ट ठेवली नाही. दिपमालाने मान वर केली. असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "तीन साल," ती म्हणाली. "तीन सालथून मी बठ्ठास्ना, गावभरना लोकस्ना तोंडे देखस. इतला दिन कोठे व्हतीस तू?"

मी म्हणाले, "पलीकडच्या रस्त्याने जात होते." तिने मला क्षमा केलेली नाही, आणि मी मागितलीही नाही. मागण्याचं तोंड नव्हतं.

सुंदरबाई इतका वेळ भिंतीला टेकून होती. मला वाटलं ती शिव्या देईल. तिने विचारलं, "कितला येळ देखं तुम्ही?"

मी म्हणाले, "नऊ मिनिटं. तो बुडाल्यावर."

"दोन्ही जनी?"

"दोघी."

तिने पदराने डोळे पुसले. "तो एकला नव्हता मंग," ती म्हणाली. "दोन बाया तेनाकडे देखी ऱ्हायन्थ्यात."

मी म्हणाले, "आई, आम्ही पक्ष्याची वाट पाहत होतो." ती म्हणाली, "वाट त देखी ना." आणि तिने दिपमालाकडे न पाहता हात पुढे करून पाणी मागितलं. दिपमालाने दिलं. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण सुंदरबाई ते पाणी प्यायली.

ती म्हणाली त्याने मला बरं वाटलं नाही, जरीना. त्या नऊ मिनिटांत मी मान वर येण्याची वाट पाहत होते, आणि त्या म्हातारीने त्याची अशी सोबत करून ठेवली आहे की ती आता माझ्याच्याने मोडवत नाही. तू तर त्या नऊ मिनिटांत काहीतरी वेगळं पाहत होतीस. तिने तुझ्याबद्दल म्हटलं ते खरं असेल. माझ्याबद्दलचं मी तसंच घेऊन घरी आले.

निघताना सुंदरबाईने वहीत बोट ठेवून विचारलं, इथे काय लिहिलं आहे? मी सांगितलं, 'ओळख पटली नाही'. ती म्हणाली, "आते पटनी ना? मंग नाव लिख." मी तुझ्या अक्षराशेजारी माझ्या अक्षरात लिहिलं, 'निंबा'. आकडा होता तसाच ठेवला.

उद्या मोजणी आहे. नूतन सांगेल आणि मी लिहीन. प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणणार आहे, तिला आवडो न आवडो. तिच्या डाव्या बाजूला उभी राहणार आहे.

आणि एक विचारायचं आहे. दिपमाला म्हणाली, "हाई पान माले दे. भितवर लावसू. येनारा-जानारा बठ्ठा वाचतीन." मी तिला सांगितलं, वही माझी नाही, धुळ्याला विचारावं लागेल. ती म्हणाली, "मंग विचार."

म्हणून विचारते. पान फाडू का?

तुझी,
मोहिनी